पाय टेकतात का?

आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये कोणी बाईक आणली की पहिले तीन प्रश्न ठरलेले असतात. केवढ्याला पडली? ॲव्हरेज किती? टॉप किती गेली? चौथा प्रश्न मात्र खास माझ्यासाठी राखून ठेवलेला आहे. मी कुणाच्या उंच बाईकवर बसायला गेले की कोणीतरी विचारतंच, "तुझे पाय टेकतात का गं?"

माझी उंची ५ फूट २ इंच. विचारणाऱ्याच्या मनात थट्टा असते हे मला कळतं. पण मेकॅनिकलला दोन वर्षं काढल्यावर मला वाटायला लागलंय की त्या चार प्रश्नांत खरा इंजिनिअरिंगचा प्रश्न हाच आहे, आणि तो फक्त मला विचारून भागणार नाही. सहा फुटी माणसालाही विचारायला हवा, फक्त त्याच्यासाठी तो "गुडघे मावतात का?" असा होईल. आपल्यातले अनेक जण कॅम्पसमध्ये नोकरी लागली की पहिल्या वर्षात बाईक घेणार. घरचे पैसे किंवा बँकेचं कर्ज, आणि निवड कशावरून? तर फोटोवरून! शूज घेताना आपण दहा वेळा पाय घालून बघतो, आणि दोन लाखांची वस्तू दुसऱ्याच्या मापाची घरी आणतो.

आधीच सांगते, माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी विभागासाठी लिही असं संपादकांनी म्हटल्यावर मी जरा घाबरलेच होते. त्यामुळे सस्पेन्शनला शुद्ध मराठीत काय म्हणतात ते विचारू नका. आपले वर्कशॉपचे मामा शॉकअप म्हणतात, मीही तेच म्हणणार.

तर आधी ड्युअल-स्पोर्ट म्हणजे काय. नंबर प्लेट, हेडलाईट, इंडिकेटर सगळं लावलेली, रस्त्यावर रीतसर चालवता येणारी, पण माती-मुरमाच्या वाटेवरही नेता येईल अशी बाईक. पुढचं चाक मोठं, बहुतेक वेळा २१ इंची. शॉकअपची हालचाल लांब. इंजिनाखाली मोकळी जागा जास्त. यामाहाने १९६८ मध्ये डीटी-१ नावाची २५० सीसी टू-स्ट्रोक काढली, तिच्यापासून हा प्रकार जगभर पसरला. आपल्याकडे हीरोने २०११ मध्ये इम्पल्स आणली, १५० सीसीची. कल्पना चांगली होती, दम कमी पडला, गाडी फार खपली नाही आणि बंद झाली. मग २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २००, आणि २०२० मध्ये केटीएमची ३९० ॲडव्हेंचर. यातल्या मोठ्यांना ड्युअल-स्पोर्ट म्हणायचं की ॲडव्हेंचर टूरर, यावर लोक रात्र रात्र भांडतात. त्यांना भांडू दे. बसणाऱ्याच्या दृष्टीने प्रश्न सारखेच आहेत.

या गाड्या उंच का असतात? खड्ड्यातून जाताना चाकाला वर यायला जागा लागते. चाक २०० मिलिमीटर वर सरकणार असेल तर फ्रेम तेवढी वर हवी, आणि सीट फ्रेमच्याही वर. हे झालं ढोबळ उत्तर. पण गंमत बघा. केटीएम ३९० ॲडव्हेंचरचं २०२० चं मॉडेल घेतलं तर सीटची उंची ८५५ मिमी, आणि शॉकअपची हालचाल पुढे १७० व मागे १७७ मिमी. २०२५ मध्ये तीच गाडी नव्या फ्रेमवर आली, तेव्हा हालचाल वाढून २०० आणि २०५ झाली आणि सीट उतरून ८३० वर आली! म्हणजे "ऑफ-रोड गाडी आहे, उंच असणारच" हे अर्धंच खरं. डिझाईन करणाऱ्याने बसणाऱ्याचा विचार कधी आणि किती केला, यावर बाकीचं अर्धं.

आता ब्रोशरमधल्या त्या आकड्याकडे येऊ. सगळेजण सीट हाईटचा एक आकडा बघतात आणि निकाल लावतात. तो आकडा साधारणपणे रिकाम्या गाडीचा असतो. सीट किती रुंद, फोम किती दबतो, तुमच्या वजनाने शॉकअप किती बसतो, गाडी किती जड, यातलं काहीही त्यात नसतं. हे पडताळायला आम्ही पार्किंगमध्येच एक रविवार घालवला. तीन गाड्या मिळाल्या. रेक्टर सरांची २०२१ ची हिमालयन ४११, फायनल इयरच्या एका सीनियरची २०१९ ची एक्सपल्स २००, आणि माझ्या वर्गातल्या एकाने सेकंडहँड घेतलेली जुनी ३९० ॲडव्हेंचर. माणसंही तीन मापांची होती. मी ५ फूट २. रेक्टर सर ५ फूट ७, वर कंबरदुखी. आणि एक्सपल्सवाला सीनियर ६ फूट १, ज्याला मेसच्या दारातून वाकून यायची सवय झाली आहे.

(जाता जाता, सरकारी आरोग्य सर्वेक्षणांनुसार भारतीय बाईची सरासरी उंची साधारण १५२ सेंटिमीटर आहे आणि पुरुषाची १६५ च्या आसपास. मी १५७. म्हणजे देशाच्या हिशोबात मी उंच आहे! संबंधितांनी नोंद घ्यावी.)

पहिलं माप उंचीचं घ्यायचंच नाही, पायाच्या आतल्या लांबीचं घ्यायचं. एकाच उंचीच्या दोन माणसांत पायांच्या लांबीचा फरक सहज दीड-दोन इंच निघतो, कारण कुणाचं धड लांब असतं, कुणाचे पाय. पद्धत सोपी आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन्ही पायांमध्ये एक जाडजूड पुस्तक कणा वर करून सीटसारखं घट्ट वर ओढायचं, भिंतीवर पेन्सिलची खूण करायची आणि जमिनीपासून टेप लावायची. खुर्मी-गुप्तांचं थिअरी ऑफ मशीन्स या कामाला एकदम फिट. कित्येकांच्या बाबतीत त्या पुस्तकाचा हा पहिलाच उपयोग असेल. माझी लांबी आली ७२ सेंटिमीटर. जाड तळाच्या बुटांचे ३ धरले तर ७५.

कागदावर हिमालयनची सीट ८०० मिमी, एक्सपल्सची ८२३, केटीएमची ८५५. म्हणजे मला हिमालयन सगळ्यात सोपी जायला हवी. बसून बघितलं तर हिमालयन आणि एक्सपल्सवर माझ्या टाचा जवळपास सारख्याच वर राहिल्या, दोन-अडीच इंच. केटीएमवर फक्त बोटं टेकली.

८०० आणि ८२३ मधला तो इंचभर गेला कुठे? सीटच्या रुंदीत. आपण सीटवर बसतो तेव्हा पाय सरळ खाली जात नाही, सीट आणि बाजूच्या पॅनेलला वळसा घालून तिरका जातो. कर्ण आणि उभी बाजू, दहावीची त्रिकोणमिती. पाय उभ्या रेषेपासून १५ अंश फाकला तर ७५ सेंटिमीटरचा पाय जमिनीकडे ७२.४ पोहोचतो. २० अंश फाकला तर ७०.५. मोबाईलवर समोरून फोटो काढून त्यावर कोनमापक ठेवलं, तेव्हा अरुंद एक्सपल्सवर माझा कोन १५ च्या आसपास आला आणि रुंद हिमालयनवर २० च्या. दोन सेंटिमीटर तिथेच गेले. फोटोवरून मोजलेला कोन काही लॅबमधलं रीडिंग नाही, पण दिशा स्पष्ट आहे. सीट खाली असणं आणि जमीन जवळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट शॉकअपची. आपण बसलो की गाडी थोडी दबते, याला सॅग म्हणतात. अशा गाड्यांवर एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास सॅग ठेवायची पद्धत आहे. पण कंपनीची स्प्रिंग एका ठरावीक वजनाचा विचार करून बसवलेली असते. माझं वजन ५० किलो. सीनियर बसला की गाडी जेवढी बसते, तेवढी माझ्याखाली बसत नाही. म्हणजे बुटक्या आणि हलक्या माणसावर डबल अन्याय! पाय आधीच आखूड, त्यात गाडी दबत नाही, म्हणजे सीट अजून उंच. वर मऊ व्हायला हवा तो शॉकअप मला कडक लागतो आणि प्रत्येक गतिरोधक कंबरेत कळतो. उपाय म्हणून मागच्या शॉकअपचा प्रीलोड कमी करता येतो, सी-आकाराच्या पान्याने दोन खाचा फिरवल्या की झालं. त्याने थोडी उंची कमी होते. मात्र प्रीलोड कमी केल्याने स्प्रिंग मऊ होत नाही, फक्त ती सुरुवातीला किती दाबून ठेवली आहे ते बदलतं. हा घोळ व्हायवामध्येही बरेच जण घालतात.

तिसरी गोष्ट वजन, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. पाय टेकायला का हवेत? गाडी थांबल्यावर कलू नये म्हणून. मग कलल्यावर ती किती जोर मागते ते काढायला हवं. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे असं मानू, आणि आपण हँडलला १.१ मीटर उंचीवर धरून ती सावरतोय असं मानू. १९९ किलोची हिमालयन १० अंश कलली तर हँडलवर साधारण १७ किलोचा जोर लागतो. २० अंशांवर तोच ३४ किलो. १५४ किलोच्या एक्सपल्सला याच कोनांवर १३ आणि २६. म्हणजे दोन्ही गाड्यांवर माझ्या टाचा सारख्याच वर असल्या तरी हिमालयन एकदा हातातून निसटायला लागली की मी तिला धरू शकत नाही, आणि एक्सपल्सला बहुधा धरू शकते. टाच वर असताना पायाला जोर लावायलाही नीट जमत नाही, त्यामुळे "निसटायला लागणं" लवकर सुरू होतं. टाकी फुल असली तर आणखी वाईट, कारण पेट्रोल सगळं वरच्या बाजूला.

शिवाय पार्किंगची फरशी म्हणजे रस्ता नव्हे. आपल्याकडे डांबर संपलं की साइडपट्टी बऱ्याच ठिकाणी चार-पाच इंच खाली असते. समोरून एसटी आली, आपण कडेला घेतलं, थांबलो आणि डावा पाय खाली टाकला तर तिथे जमीनच नाही! अशा वेळी लांब पायाचा माणूससुद्धा गाडी पाडतो. घाटातल्या चढावर यू-टर्न मारताना उताराकडचा पाय टेकवायला गेलं की तेच.

हा विचार करून गाडी बनवता येते याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे यामाहाची सेरो. जपानमध्ये १९८५ मध्ये आली, २२५ सीसी. नाव तिकडच्या डोंगरात राहणाऱ्या शेळीसारख्या प्राण्यावरून ठेवलेलं. त्या काळात बाकीच्या ऑफ-रोड गाड्या उंच आणि ताकदवान होत चालल्या होत्या, तेव्हा हिने कल्पनाच वेगळी धरली. अवघड चढावर माणूस दोन्ही पाय टाकत, जमिनीला रेटत वर जाणार, तर त्याचे पाय पोहोचलेच पाहिजेत. गाडी हलकी, अरुंद, सीट ८०० च्या किंचित वर, आणि हँडल दोन्हीकडे खूप वळणारं. शर्यत जिंकायची गाडी नव्हती, तरी २०२० पर्यंत बनत राहिली. सुझुकीच्या डीआर६५० मध्ये वेगळी सोय होती. सीट ८८५ मिमी, पण पुढचे-मागचे शॉकअप दुसऱ्या जागी बसवून ती ८४५ पर्यंत खाली आणता यायची, आणि ती सोय कंपनीनेच दिलेली. आपल्याकडे हिमालयन ४५० (नोव्हेंबर २०२३) मध्ये सीट ८२५ किंवा ८४५ वर बसवता येते, आणि ॲक्सेसरी म्हणून कमी उंचीची सीटही आली. हे बघून बरं वाटतं.

एवढं वाचून उंच मंडळी म्हणतील, आमचं काय? तर त्यांचंही सोपं नाही.

बसणाऱ्याचं शरीर गाडीला तीन ठिकाणी जोडलेलं असतं, सीट, हँडल आणि फुटरेस्ट. या तीन बिंदूंचा त्रिकोण म्हणजे गाडीचं खरं माप. सीट ते फुटरेस्ट अंतर कमी असेल तर गुडघा जास्त दुमडतो. आमचा सीनियर एक्सपल्सवर बसला की त्याचे गुडघे चहाच्या टपरीवरच्या स्टुलावर बसल्यासारखे वर येतात. अर्ध्या तासाने तो पाय हवेत लांब करून गाडी चालवतो ते स्टाईल म्हणून नाही, गुडघे दुखतात म्हणून. ही तक्रार त्याच्या एकट्याची नसावी, कारण हीरोने २०२३ च्या एक्सपल्स २०० फोर-व्हॉल्व्हमध्ये फुटरेस्ट ३५ मिमी खाली आणि ८ मिमी मागे नेले. ३५ मिमी म्हणजे दीड इंचही नाही! पण गुडघ्याला तेवढं खूप होतं. मग अजून खाली का नेत नाहीत? कारण फुटरेस्ट खाली गेलं की ते दगडाला, चाकोरीच्या कडेला आधी लागतं.

याच एक्सपल्सची २०२३ मध्ये प्रो नावाची आवृत्तीही आली, खऱ्या ऑफ-रोडवाल्यांसाठी. हालचाल पुढे २५० आणि मागे २२० मिमी, सीट ८९१ वर. तिच्यावर माझे पाय लोंबकळतील, सीनियर मात्र राजासारखा बसेल. एकच नाव, एकच इंजिन, आणि दोन वेगळ्या मापांच्या माणसांच्या गाड्या.

आता उभं राहणं. खराब रस्त्यावर ड्युअल-स्पोर्ट उभ्याने चालवायची असते, आणि शोरूममध्ये बसून बघणारे इथेच फसतात. माणसाचं धड उभ्या दिशेतल्या ४ ते ८ हर्ट्झच्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त त्रासतं. खडबडीत रस्त्यावरून सीटमार्फत येणाऱ्या हादऱ्यांत नेमका हा भाग भरपूर असतो. उभं राहिलं की गुडघे आणि घोटे हेच आपले शॉकअप होतात आणि कणा सुटतो. पण उभं राहिल्यावर हँडल हाताला लागलं पाहिजे, तेही कोपर थोडं वाकलेलं ठेवून आणि पाठ फार न झुकवता. एक्सपल्सवर उभी राहिले की मला हँडल अगदी बरोबर येतं. सीनियर उभा राहिला की काटकोनात वाकतो. दहा मिनिटांत त्याची कंबर धरते, आणि मग तो खड्ड्यांतही बसूनच जातो. म्हणजे बुटकेपणाचा फायदा होणारी जगात एक तरी जागा सापडली!

उंच माणसाला यावर रायझर बसवता येतात, म्हणजे हँडलच्या क्लॅम्पखाली घालायचे ॲल्युमिनियमचे ठोकळे. वीस-तीस मिमीने हँडल वर येतं. बसवल्यावर एक गोष्ट न चुकता बघायची. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल आणि ब्रेकचा होज ताणले जात नाहीत ना. इंजिन चालू ठेवून हँडल वळवताना रेस आपोआप वाढली तर समजायचं, केबल ताणतेय. वळणावर असं झालं तर काय होईल ते सांगायला नको.

फुटरेस्टची रुंदी हा असाच दुर्लक्षित विषय. बसलेलं असताना ते पायाला टेकू देतं, उभं राहिलं की अख्खं शरीर त्या दोन पट्ट्यांवर असतं. अरुंद पट्टी आणि पातळ तळाचे कॅनव्हास शूज असले की वीस मिनिटांत तळव्याची कमान ठणकायला लागते. चप्पल घालून येणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही.

रेक्टर सरांची केस वेगळी. त्यांचं गाव कोकणात, ताम्हिणी घाटातून माणगावकडे उतरून पुढे. सरांचे पाय तिन्ही गाड्यांवर पुरेसे टेकतात, गुडघे मावतात. त्यांचा प्रश्न तीन तासांचा आहे. एक्सपल्सची सीट अरुंद आणि सपाट. पाऊण तासानंतर सर त्यावर चुळबुळ करायला लागले. बसताना आपलं वजन मुख्यतः ढुंगणाच्या दोन हाडांवर येतं. सीट रुंद असेल तर त्या हाडांभोवतीच्या स्नायूंनाही आधार मिळतो आणि दाब पसरतो. अरुंद असेल तर सगळा भार दोन बिंदूंवर. शोरूममध्ये बोटाने दाबून मऊ लागलेला फोम इथे फसवतो. मऊ फोम अर्ध्या तासात पूर्ण दबतो आणि खालची प्लॅस्टिकची बेस प्लेट लागायला लागते. बसल्या बसल्या किंचित कडक वाटणारी सीट तिसऱ्या तासाला बरी निघते. सरांना हिमालयन मानवते ती यामुळेच, रुंद सीट, सरळ पाठ, पाय ना फार मागे ना फार पुढे. केटीएमवर शरीर जरा पुढे झुकतं, आणि तरुण पाठीला ते आवडतं. सरांनी पंधरा मिनिटांत चावी परत केली.

म्हणजे बघा, जी रुंदी सरांची कंबर वाचवते, तीच माझे पाय फाकवून मला जमिनीपासून लांब नेते. जी शॉकअपची हालचाल खड्डे गिळते, तीच सीट वर ढकलते. फुटरेस्ट खाली नेलं की सीनियरचे गुडघे सुखावतात आणि दगड जवळ येतात. सगळ्यांना फिट बसणारी गाडी बनवणं म्हणूनच अवघड आहे. आपल्याच देशातल्या माणसांची मापं हवी असतील तर अहमदाबादच्या एनआयडीने १९९७ मध्ये काढलेलं देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक आहे. त्यात बायकांची आणि पुरुषांची मापं वेगवेगळी दिली आहेत. प्रोजेक्टसाठी कोणाला विषय हवा असेल तर तिथून सुरुवात करा.

बुटक्या मंडळींसाठी थोडं कामाचं. पहिलं म्हणजे दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत हा आग्रह सोडा. थांबताना कंबर सीटवरून थोडी डावीकडे सरकवली की डावा पाय पूर्ण टेकतो, उजवा पाय मागच्या ब्रेकवर राहतो. मी एक्सपल्सवर असंच थांबते आणि टाच जमिनीला लागते. थांबायची जागा आधी हेरायची, उताराकडचा पाय कधीच काढायचा नाही. दुसरं, सीट कापून घ्यायची असेल तर वरून कापू नका. सीट कव्हरवाल्याला सांगा की पुढच्या भागात दोन्ही कडांचा फोम उतरता कर. पायाचा कोन कमी होतो आणि हाडांखालचा फोम शाबूत राहतो. वरून दोन इंच काढलेल्या सीटवर बसून लांब जाऊन बघा, मग कळेल.

तिसरं, मागच्या शॉकअपची लिंक बदलून गाडी खाली करून देणारे बरेच गॅरेजवाले आहेत. यात विचार न करता उडी मारू नका. फक्त मागून गाडी खाली केली की पुढचा फोर्क जास्त कलतो आणि हँडल जड-संथ वाटायला लागतं. चाक पूर्ण वर आल्यावर मडगार्डला घासू शकतं. आणि साइड स्टँड पूर्वीएवढाच लांब राहतो, त्यामुळे उभी केलेली गाडी जवळपास सरळ राहते आणि कुणाचा धक्का लागला की दुसऱ्या बाजूला आडवी. स्टँडही कापून घ्यावा लागतो.

फुकटातल्या गोष्टी तर कोणी करतच नाही. ब्रेक आणि क्लचचे लिव्हर दोन बोल्ट ढिले करून थोडे खाली फिरवले की उभं राहिल्यावर मनगट वाकत नाही. मागच्या ब्रेकच्या पेडलची उंचीही बदलता येते. आपल्या वर्कशॉपमध्ये पाने आहेत, मामा नाही म्हणत नाहीत.

एका शोरूममध्ये मला सेल्समनने गाडीवर बसूच दिलं नव्हतं, "मॅडम, तुमच्यासाठी स्कूटरचा सेक्शन पलीकडे आहे." त्याच्याकडे टेप नव्हती, माझ्याकडे होती. ७२ सेंटिमीटरच्या पायाला ८२३ ची अरुंद, हलकी गाडी चालते आणि ८०० ची रुंद, जड गाडी सांभाळत नाही, हे त्याच्या ब्रोशरमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी सध्या सेकंडहँड एक्सपल्स शोधते आहे, शक्यतो फुटरेस्ट खाली नेण्याआधीची. माझ्या गुडघ्यांना जागा भरपूर आहे, आणि दगडापासून ते इंचभर अंतर माझ्या जास्त कामाचं.

एक निरीक्षण राहिलं. मागे मैत्रीण बसली की शॉकअप आणखी दबतो आणि माझ्या टाचा चक्क जमिनीकडे येतात! पण सावरायचं वजनही तेवढंच वाढतं, त्यामुळे या पद्धतीची शिफारस करता येत नाही. ज्यांना स्वतःचं माप काढून घ्यायचं आहे त्यांनी रविवारी नाश्त्यानंतर वर्कशॉपच्या मागे यावं. टेप आणि कोनमापक मी आणते, खुर्मी आपापलं आणा.